करप्याला दाद न देणारा भात आला, तर तुम्ही लावाल का? खाल का?

मांडवीकर (धागा सुरू)

नमस्कार मंडळी. आमच्या आजेसासऱ्यांची गायकवाडीतली पेटलादकडची जमीन वाटण्या होत होत आता पावणेचार विघे उरली आहे. भागिया, म्हणजे वाट्याने शेत करणारा, ती कसतो, आम्ही बडोद्याहून महिन्यातून एकदा चक्कर मारतो. डांगर आमचं घरचं, वर्षभराचा तांदूळ तिथूनच येतो.

भादव्यात गेलो होतो तेव्हा शेत असं काळंभोर हिरवं होतं की मी फोटो काढून बहिणीला पाठवला. दसऱ्यानंतरच्या रविवारी परत गेलो आणि बांधावर पाय ठेवायच्या आधीच पोटात गोळा आला. लोंब्या वजनाने वाकायला हव्या होत्या, त्या ताठ उभ्या. भागियाने एक लोंबी मोडून माझ्या तळहातावर ठेवली. ताटातून लोंबी बाहेर पडते तिथली गाठ काळी, बोटभर करपलेली, आणि वरचं सगळं पांढरं. दाणा चिमटीत दाबला तर नुसतं तूस. हातावर काही ठेवलंय असं वाटतच नव्हतं. "बेन, करमोडी," एवढंच तो म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला. करमोडी म्हणजे करपा, भातावरचा बुरशीचा रोग.

दोनदा फवारलं होतं. दुसऱ्यांदा तर मान काळी दिसल्यावर, दुकानदाराच्या सांगण्यावरून औषध दुप्पट घालून. एरवी विघ्याला पन्नास मण उतरतं, यंदा बावीस.

माझा भाचा आणंदला शेतकी शिकतो. तो म्हणतो, मावशी, भाताच्या जनुकात बदल करून करप्याला दाद न देणारी रोपं तयार झाली आहेत, आज ना उद्या आपल्याकडेही येतील. सासूबाई म्हणाल्या, "मी त्या भाताचा नैवेद्य दाखवायचा का?" मला दोघांचंही ऐकून झोप लागली नाही. माझं मत सांगते: असं बियाणं आलं तर मी लावीन. दुप्पट औषध मारलेला भात नातवाला भरवण्यापेक्षा ते बरं. पण माझं काही चुकत असेल तर तुम्ही सांगा. ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनी जरूर लिहावं.

पळसाचंपान

ताई, वाचून वाईट वाटलं. आधी एक विचारते. डांगर म्हणजे भात ना? आम्ही मूळचे अकोल्याचे, आमच्याकडे डांगर म्हणजे लाल भोपळा. मी पहिला परिच्छेद संपेपर्यंत भोपळ्याचा तांदूळ कसा होतो याचाच विचार करत होते.

तुळशीबाग ते रावपुरा

आणि माझ्या सासरी कोकणात डांगर म्हणजे उडदाच्या पापडाचं पीठ, ताकात कालवून खातात ते. बडोद्यात नवीन नवरी म्हणून आले तेव्हा शेजारच्या बेननी "डांगर आलंय" म्हणून हाक मारली आणि मी वाटी घेऊन गेले. ओसरीवर चाळीस पोती!

खाचर

मांडवीकर ताई, मी वाघोडियाकडे स्वतः शेती करतो, म्हणून आधी खात्री करून घेतो. पांढरी लोंबी दिसली की सगळे करपा म्हणतात, पण खोडकिड्यानेही लोंबी पांढरी पडते. पांढरी लोंबी वरून धरून हलकेच ओढा. अलगद निघून हातात आली आणि खालचं टोक कुरतडलेलं दिसलं, तर खोडकिडा. निघत नसेल, मानेची गाठ काळी असेल आणि तिथेच मोडत असेल, तर करपा. दोन्हीची औषधं वेगळी. बुरशीच्या औषधाने अळी मरत नाही.

तुमच्या वर्णनावरून करपाच वाटतो. पण भादव्यात काळंभोर हिरवं होतं म्हणालात तिथे मी थबकलो. असा रंग युरिया जास्त झाल्याचा असतो. नत्र वाढलं की पान लुसलुशीत होतं आणि बुरशीला आयतं घर मिळतं. युरियाचे हप्ते किती आणि केव्हा टाकले ते भागियाला विचारा. आणि बियाणं घरचं की विकतचं?

मांडवीकर

खाचर भाऊ, ओढून बघितली होती, निघाली नाही. बियाणं घरचंच, तीन वर्षं राखलेलं. युरियाचं विचारते.

खाचर

मग गेल्या वर्षीही थोडा रोग असणार, तो बियाण्यातून आला. बांधावरचं गवत आणि राहिलेला पेंढाही तपासा. तिथेही तो टिकतो.

सूक्ष्मदर्शी

मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. या बुरशीकडे मी आयुष्यातले कितीतरी तास काचेतून बघितलं आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

हिचा बीजाणू नाशपतीच्या आकाराचा असतो, आत दोन पडदे, म्हणजे तीन कप्पे. वाऱ्याने किंवा पावसाच्या थेंबाबरोबर पानावर पडतो आणि टोकाकडच्या चिकट द्रवाने तिथे घट्ट बसतो. रात्रभर दव असलं की त्याला कोंब फुटतो आणि कोंबाच्या टोकाला घुमटासारखी एक पेशी फुगते. त्या घुमटाला आतून मेलॅनिनचं अस्तर असतं, आपल्या त्वचेत असतं त्याच जातीचं काळं रंगद्रव्य. अस्तरामुळे आतलं द्रव्य बाहेर झिरपत नाही, पाणी मात्र आत येत राहतं आणि दाब चढत जातो. तो ऐंशी वातावरणांपर्यंत मोजला गेला आहे. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या साधारण चाळीस पट! त्या दाबाने एक सुईसारखा खिळा पानाची साल फोडून आत शिरतो. हे सगळं एका दिवसात होतं. आपल्याला ठिपका दिसतो तो पाच-सहा दिवसांनी, होडीसारखा, दोन्हीकडे निमुळता, मधे राखाडी, कडेला तपकिरी.

आता मांडवीकर, तुमच्या फवारणीचं. करप्यावर सर्रास वापरतात ते ट्रायसायक्लाझोल बुरशीला मारत नाही. ते मेलॅनिन तयार होऊ देत नाही. अस्तर नाही तर दाब नाही, दाब नाही तर खिळा आत जात नाही. म्हणजे हे औषध दाराबाहेर उभं राहणारं आहे. बुरशी घरात शिरल्यावर दुप्पट घाला की चौपट, उपयोग नाही. मानेसाठी फवारायचं तर लोंबी पोटरीतून बाहेर पडायच्या सुमाराला. मान काळी झाल्यावर तुमच्याकडून जे मारून घेतलं ते पैसे पाण्यात गेले, आणि ते तांदळावर राहिलं असेल ते वेगळं. ही गोष्ट दुकानात सांगत नाहीत याचा मला फार राग येतो.

जनुकांचं जेवण झाल्यावर लिहिते.

मांडवीकर

बाई, हे मला आजपर्यंत कोणीही सांगितलं नव्हतं. दोन वेळा वाचलं.

हाथीखाना

आमचा धान्याचा व्यापार तीन पिढ्यांचा, म्हणून बाजाराची बाजू मांडतो. औषधाचं म्हणाल तर युरोपने १ जानेवारी २०१८ पासून तांदळातल्या ट्रायसायक्लाझोलची मर्यादा किलोला १ मिलिग्रॅमवरून थेट ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. शंभरपट कमी. बासमतीवाल्यांची त्या वर्षी झोप उडाली होती. तेव्हा औषधाशिवाय उभा राहणारा भात व्यापाऱ्यालाही हवाच आहे.

पण जीएम, म्हणजे बाहेरून जनुक घातलेलं बियाणं, म्हटलं की माझा हात आखडतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या लांब दाण्याच्या तांदळात परवानगी नसलेल्या जीएम वाणाचा अंश सापडला. युरोपने दारं आवळली, जपानने तो तांदूळ बंद केला. अंश म्हणजे किती, तर चाचणीच्या यंत्रालाच दिसेल इतका. आपल्याकडे एका गोदामात दहा गावचा माल येतो. पेटलादचा भात युरोपला जात नाही हे खरं, पण पोतं कुठून कुठे जातं ते मी रोज बघतो. मिसळ होणारच. तेव्हा ताई, लावायच्या आधी विकत कोण घेणार ते विचारा.

निंबोळी

मला हाथीखाना यांच्यापेक्षाही मूळ मुद्दाच पटत नाही. आपण गुजरातेत राहतो, बीटी कापसाचं सगळं नाटक आपल्या डोळ्यांसमोर झालं. २००१ मध्ये परवानगी मिळायच्या आधीच इथे शेतांत बीटी कापूस उभा सापडला. २००२ मध्ये परवानगी आली. पहिली काही वर्षं फवारण्या कमी झाल्या, हे मी नाकारत नाही, माझे काका जंबुसरला कापूस लावतात, त्यांनी ते अनुभवलं. मग २०१० मध्ये जाहीर झालं की गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नाही, आणि ते देशात आधी कुठे दिसलं? गुजरातेतच. आता काका बियाण्याचेही जास्त देतात आणि फवारणीचेही.

अळीला वर्षात चार-पाच पिढ्या मिळतात. बुरशीला तर एका हंगामात कितीतरी. ती तुमचं जनुक ओलांडणार नाही कशावरून? आणि दरवर्षी नवं बियाणं घ्यावं लागलं तर मांडवीकर ताईंच्या भागियाने जायचं कुठे?

दुसरा रस्ता आहे. चीनच्या युनान प्रांतात १९९८ आणि १९९९ मध्ये हजारो शेतकऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. करप्याला बळी पडणारा त्यांचा चिकट भात सलग न लावता संकरित भाताच्या दर चार-सहा ओळींनंतर एक ओळ असा लावला. चिकट भातावरचा करपा सलग लागवडीच्या तुलनेत ९४ टक्क्यांनी कमी झाला. दुसऱ्या वर्षअखेर त्यांनी बुरशीनाशक मारणंच सोडलं. ना प्रयोगशाळा, ना पेटंट.

आजोळ

निंबोळी, अगदी माझ्या मनातलं.

खाचर

युनानचं काम मोलाचं आहे, पण कापणी कशी करायची तेही सांगा. त्यांनी दोन्ही भात हाताने वेगळे कापले. आमच्याकडे आता कापणीयंत्र येतं, ते ओळी बघत नाही. मजूर मिळत नाहीत. मी चार ओळींचा प्रयोग करायला तयार आहे, पण दोन भात एकत्र झाले की बाजारात भाव पडतो, विचारा हाथीखाना यांना.

हाथीखाना

पडतोच. मणामागे चांगला पडतो.

सूक्ष्मदर्शी

निंबोळी, तुमचा प्रश्न या विषयातला सगळ्यात खरा प्रश्न आहे. उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं तर: हो, बुरशी एकट्या जनुकाला ओलांडते. दक्षिण कोरियात सत्तरच्या दशकात तोंगिल नावाचा भात देशभर लावला गेला, सुरुवातीला त्याला करपा लागत नव्हता, आणि १९७८ पर्यंत तोच भात करप्याने झोडपला गेला. असे दाखले कितीतरी देशांत आहेत. म्हणून पद्धतींत फरक करायला हवा. सगळ्याला एकाच नावाने हाक मारली की भांडण होतं आणि कळत काहीच नाही.

पहिली पद्धत, जुन्या किंवा जंगली भातातलं प्रतिकाराचं जनुक संकराने आणायचं आणि रोपात ते आलं की नाही हे डीएनएच्या खुणेवरून तपासायचं. यात जीएम काहीच नाही. पुसा बासमती १६३७ हे वाण २०१६ मध्ये असंच आलं, त्यातलं 'पीआय-९' जनुक मुळात एका जंगली भाताचं. नंतर पुसा बासमती १८४७, १८८५ आणि १८८६ मध्ये करप्याविरुद्ध दोन आणि जिवाणूंच्या कडा करप्याविरुद्ध दोन अशी चार जनुकं एकत्र बांधली. एक कुलूप तोडणारा चोर चार कुलुपांपुढे अडतो, असा त्यामागचा विचार. मांडवीकर, तुमच्या सासूबाईंना सांगा, अशी बासमती लोक आजही खातात.

दुसरी पद्धत, जनुक बाहेरून घालायचं. बुरशीच्या पेशीची भिंत कायटिनची असते, कोळंबीच्या कवचात असतं तेच. कायटिन तोडणारं द्रव्य भात स्वतःही बनवतो, पण थोडं आणि उशिरा. १९९५ मध्ये भाताचंच ते जनुक जोरात चालेल असं करून परत भातात घातलं आणि पर्णकोष करपा, हा दुसऱ्याच बुरशीचा रोग, कमी झालेला दिसला. त्या रोगाला पुरून उरेल असं एकही नैसर्गिक जनुक हाती नाही, म्हणून या वाटेकडे लोक वळले. हा खरा जीएम. तीस वर्षं झाली, तो शेतकऱ्याच्या हातात आलेला नाही.

तिसरी पद्धत माझ्या मते सगळ्यात लक्ष देण्यासारखी. गड बाहेरून पडत नाही, आतला फितूर दिंडी उघडतो. भातातही असे फितूर आहेत, म्हणजे भाताची स्वतःचीच काही जनुकं, जी असल्यामुळे बुरशीचं फावतं. जपानच्या एका कोरडवाहू भातात 'पीआय-२१' नावाचं असं जनुक निसर्गतःच बिघडलेलं होतं आणि त्या भाताला करपा पिढ्यान्पिढ्या फारसा लागत नव्हता. २००९ मध्ये त्याचा उलगडा झाला. गंमत अशी की तो गुण संकराने आणायला गेलं की भाताची चव बिघडायची, म्हणून इतकी वर्षं कोणी वापरला नव्हता. बारकाईने बघितल्यावर कळलं की चव बिघडवणारं जनुक वेगळंच आहे, अगदी शेजारी चिकटून बसलेलं. आता क्रिस्पर नावाच्या जनुक कापायच्या तंत्राने, कात्रीनेच म्हणा, फक्त फितूर तेवढा काढता येतो. चव जागेवर राहते, बाहेरचं काही आत येत नाही. आणि असा प्रतिकार ओलांडणं बुरशीला जड जातं, कारण ओलांडायला कुलूपच नसतं, दार उघडणाराच गेलेला असतो.

पण फितूर काढताना कधी कधी तो गडाचा कामाचा माणूसही निघतो. २०२३ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी 'आरबीएल-१' या जनुकाचं काम प्रसिद्ध केलं. ते पूर्ण बिघडलेल्या रोपाला करपा लागेना, पण त्याच्या पानांवर आपोआप डाग पडायचे आणि पीक जवळजवळ हातचं जायचं. मग त्यांनी त्या जनुकाचे अनेक निरनिराळे काप करून बघितले, तेव्हा कुठे रोगही नाही आणि उताराही घटत नाही असं एक रोप हाती लागलं. म्हणजे काम सोपं नाही आणि घाईचं तर अजिबात नाही.

पळसाचंपान

फितुराचं उदाहरण मुलाला वाचून दाखवलं. दहावीला आहे. म्हणाला, आई, हे पुस्तकात का नाही?

पाऊलखूण

थोडं अवांतर. आजोबा १९४३ मध्ये कलकत्त्याला नोकरीला होते, फुटपाथवरची माणसं त्यांनी बघितलेली. नंतर वाचनात आलं की १९४२ मध्ये बंगालच्या भातावर तपकिरी ठिपक्यांची बुरशी आली होती आणि काही शास्त्रज्ञ दुष्काळाचं मोठं कारण तीच मानतात. अमर्त्य सेन यांनी मात्र दाखवून दिलं की धान्य होतं, गरिबाच्या हातात ते विकत घ्यायची ताकद नव्हती. आजोबाही तेच सांगायचे. दुकानं भरलेली आणि दारात माणसं मरत होती.

या धाग्याशी संबंध एवढाच, की रोग थांबवणारा भात आला तरी तो कोणाच्या हातात जातो हा प्रश्न राहतोच. निंबोळी यांच्या बियाण्याच्या मुद्द्याला कुणी बगल देऊ नये.

कलम ३९

देत नाही. मी वकिली करते, म्हणून तेवढंच लिहिते.

आपल्या २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार शेतकऱ्याला संरक्षित वाणाचं बियाणंही राखता येतं, पेरता येतं, शेजाऱ्याला देता येतं, विकताही येतं. फक्त ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही. भात स्वतःच्या परागाने धरतो, संकरित नसेल तर राखलेलं बियाणं तसंच उतरतं. तेव्हा दरवर्षी विकत घ्यावंच लागेल असं नाही. कापसाचं तसं झालं कारण ते बियाणं संकरित. पण क्रिस्परच्या तंत्रावर परदेशी पेटंट आहेत, आणि सरकारी संस्थांनी त्यांचे परवाने कोणत्या अटींवर घेतले ते शेतकऱ्यांसमोर यायला हवं. निंबोळी, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे.

परवानगीचं असं. ३० मार्च २०२२ च्या केंद्राच्या आदेशाने, ज्यात बाहेरचा डीएनए शिल्लक नाही अशा जनुक-संपादित रोपांना १९८९ च्या जीएम नियमांतल्या ७ ते ११ या नियमांतून सूट मिळाली. ४ मे २०२५ ला असे दोन भात जाहीर झाले: सांबा मसुरीपासून केलेला 'कमला' आणि एमटीयू १०१० पासून केलेला 'पुसा डीएसटी राइस १'. पण मांडवीकर, यातला एकही करप्यासाठी नाही. पहिला उतारा वाढवण्यासाठी आणि लवकर तयार होण्यासाठी, दुसरा खारट जमिनीसाठी. भाच्याला विचारा, तो नेमकं कशाबद्दल बोलत होता.

निंबोळी

कायद्यात हक्क आहे आणि दुकानात बियाणं कोणतं मिळतं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पण माहितीबद्दल मनापासून आभार. भात संकरित नसल्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

समईची वात

नैवेद्याच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहिते. माझ्या सासूबाई ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं खायच्या नाहीत. आपले गुजराती शेजारी त्या दिवशी सामो करतात. माझ्या माहेरी, नागपूरकडे, तळ्याकाठी आपोआप उगवलेलं देवभात आणायचे. लाल दाणा, लांब कुसळं, सडताना हात सोलवटून निघायचे. कोणी पेरलेलं नाही म्हणून ते ऋषींना चालायचं. सूक्ष्मदर्शी बाईंनी जंगली भातातून जनुक आणल्याचं लिहिलं तेव्हा मला ते देवभातच आठवलं. त्याच गोतावळ्यातलं असेल ना ते?

मांडवीकर, सासूबाईंच्या मनाला लागलंय ते समजून घ्या. त्यांना शास्त्र नको आहे असं नाही. आपण देवापुढे जे ठेवतो ते काय आहे हे त्यांना माहीत हवंय. मलाही हवं असतं.

सूक्ष्मदर्शी

हो, त्याच गोतावळ्यातलं. जाती वेगळ्या, पण भाऊबंदच. आणि ती तळी बुजतात तेव्हा आपण काय गमावतो हे फार थोड्यांना कळतं. यापुढे करप्याचा नवा वाण आला तर त्याचं जनुक अशाच एखाद्या तळ्याकाठचं असण्याची शक्यता मोठी.

रानवारा

भोरला मामाचं आंबेमोहोर होतं. करपा यायचाच. मामी पेरणीच्या आदल्या दिवशी बादलीभर पाण्यात मीठ घालायची, दहा लिटरला तीनशे ग्रॅम, आणि बियाणं त्यात सोडायची. हलकं, रोगट बी वर तरंगायचं, ती ते हाताने गोल फिरवत ओंजळीने काढून बाहेर फेकायची. तळाशी बसलेलं दोनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचं. मी लहान होतो, तरंगलेले दाणे मोजायचं काम माझ्याकडे. ज्या वर्षी जास्त तरंगायचे त्या वर्षी मामी शेजारच्या गावाहून बी मागवायची. करपा संपला नाही, पण शेत कधी पांढरं पडलं नाही. मांडवीकर ताई, तुमच्या घरच्या बियाण्याला हे नक्की करा. एवढं तर उद्या सकाळीही करता येतं.

तुळशीबाग ते रावपुरा

आंबेमोहोराचं नाव काढलंत! शिजताना गल्लीला कळायचं. इथे मिळतो तो खरा की वास लावलेला, हाथीखाना यांनी सांगावं.

हाथीखाना

वेगळा धागा काढा, तिथे सगळं सांगतो. इथे ताईंचा प्रश्न राहू द्या.

दूरदेशी

मी बडोद्याचा, सध्या मिलानजवळ असतो, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. इटलीत करप्याला ब्रुसोने म्हणतात, इथला रिसोट्टोचा भात त्याने हैराण असतो. मिलान विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शी बाई म्हणतात तसे तीन 'फितूर' कापलेला भात तयार केला, त्यातला एक तोच 'पीआय-२१'. वीस-पंचवीस वर्षांत देशात अशी उघड्यावरची चाचणी झाली नव्हती. मे २०२४ मध्ये पाव्हिया प्रांतातल्या एका गावात लावणी झाली. किती जागेवर? २८ चौरस मीटर. आपल्या वाड्यातल्या दोन खोल्यांएवढी. भोवती कुंपण आणि कॅमेरे. जूनमध्ये एका रात्री कोणीतरी कुंपण कापून आत शिरलं आणि रोपं उपटून टाकली.

माझा विरोधकांवर राग नाही, त्यांचे प्रश्न खरे असू शकतात. पण त्या भाताला इटलीच्या उघड्या शेतात करपा लागतो की नाही, हे कळायच्या आतच तो गेला. शितावरून भाताची परीक्षा करतात, तर शीत तरी शिजू द्यायचं होतं.

निंबोळी

दूरदेशी, उपटणं मलाही मान्य नाही. चाचणी व्हावी, उघड व्हावी, निकाल चांगला आला तरी आणि वाईट आला तरी छापला जावा. मी विरोधात आहे ती मागच्या दाराने येणाऱ्या बियाण्याच्या. २००१ मध्ये जे झालं तसं भातात होऊ नये एवढंच म्हणणं.

आजोळ

आपल्या मॉडेल फार्मवर डाळींवर काम चालतं, आणि भातासाठी खेडा जिल्ह्यात नवागामला मोठं केंद्र आहे. तिथे प्रात्यक्षिकाला शेतकऱ्यांना बोलावतात. मांडवीकर ताईंनी भागियाला घेऊन जावं. आपण बडोद्यात बसून ठरवण्यापेक्षा तो स्वतः बघेल.

मांडवीकर

काल पेटलादला जाऊन आले. हा धागा मी भागियाला गुजरातीत सांगत बसले, शेतातच, पंपाच्या ओट्यावर. फितुराची गोष्ट त्याला लगेच कळली. युरियाचं विचारलं तर खरं सांगितलं: दोन हप्ते द्यायचे तिथे तीन दिले, शेजाऱ्याचं शेत हिरवं दिसत होतं म्हणून. तेव्हा तो फोटो मी बहिणीला ज्या कौतुकाने पाठवला होता तो आता बघवत नाही.

मग मी विचारलं, असं बियाणं आलं तर लावशील का? मला वाटलं भाव विचारेल. त्याने विचारलं, "बेन, पराळ भेंस खाशे?" म्हणजे पेंढा म्हशी खातील का. त्याच्या दोन म्हशी आहेत, सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध जातं, घराचा रोजचा पैसा तोच. डांगर वर्षातून एकदा. करप्याने काळा पडलेला पेंढा म्हशी तोंडाला लावत नाहीत, यंदा त्याला चारा विकत घ्यावा लागला, आणि हे नुकसान आम्ही हिशेबात धरलंच नव्हतं. दाणा दोघांत वाटतो, पण पेंढा पूर्ण त्याचा, असा आमचा जुना ठराव. म्हणजे सगळ्यात मोठा फटका त्याला बसला आणि मी माझ्या बावीस मणांचं रडत बसले होते.

या पानभर चर्चेत पेंढ्याचा प्रश्न कोणाच्याच मनात आला नाही, माझ्याही नाही. बाई, तुम्हाला याचं उत्तर माहीत असेल तर सांगा.

पुढच्या वर्षीचं आम्ही असं ठरवलं: घरचं बियाणं यंदा ठेवायचं नाही. नवागामला जाऊन करप्याला टिकेल असं साधं वाण विचारायचं. जे येईल ते मिठाच्या पाण्यातून काढायचं. युरिया दोन हप्ते, तेही पानाचा रंग बघून. औषध मारायचंच तर लोंबी पडताना, एकदा. आणि अर्ध्या विघ्यात युनानसारख्या ओळी, कापणी मी आणि माझी जाऊ हाताने करू, खाचर भाऊंनी बघायला यावं. जनुक कापलेलं बियाणं सरकारी केंद्रातून, पावतीसकट आलं तर मी अजूनही लावीन. सासूबाई म्हणाल्या, आधी म्हशीला घालून बघा, ती खाते का, मग देवाचं बघू.

खाचर

येतो. कोयते मी आणतो.

सूक्ष्मदर्शी

पेंढ्याचा प्रश्न मला शिकवण्याच्या इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही. भागियाला माझा नमस्कार सांगा. करप्यासाठी कापलेलं जनुक पेंढ्याच्या चवीला धक्का लावेल असं मानायला मला कारण दिसत नाही. पण दिसत नाही म्हणून सोडून देऊ नये, चाचणीत दाण्याबरोबर पेंढाही जनावरांपुढे ठेवून बघायला हवा. नवागामला हे नक्की विचारा, मीही पत्र लिहिते.

आणि त्या काळ्या मानेच्या चार-पाच लोंब्या अजून शेतात असतील तर मला आणून द्या. बीजाणू स्वतः बघितल्याशिवाय माझं समाधान होणार नाही. कागदात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो आणि दुसरीच बुरशी चढते. रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच आहे. सासूबाईंनाही घेऊन या, त्यांना काचेतून दाखवते.